थोरलीच्या पसंतीचं कपाट

धाकटीने कपड्यांसाठी खणांचं कपाट घ्यायचं ठरवलं आणि नवऱ्याने नेमकं ते भावाला फोनवर सांगून टाकलं. रविवारी ती जुन्या फर्निचरच्या गोदामात पोचली, तर थोरली जाऊ दारात आधीच हजर. पर्स काखेत, चष्मा कपाळावर.

"तुला लाकडातलं काय कळतं? म्हटलं आपणच जावं. नाहीतर कुणीतरी टाकाऊ माल गळ्यात मारेल."

"बरं झालं आलात, वहिनी," धाकटी हसून म्हणाली. असं हसायला ती थोरलीच्याच घरात शिकली होती.

त्या घरात तिने अकरा वर्षं काढली. तिथे पाच खणांचं एक कपाट होतं. चार खण थोरलीचे आणि तळाचा धाकटीचा, त्यात नवरा, बायको, लेक अशा तिघांचे कपडे. थोरलीच्या माहेरचे पाहुणे आले की तोही रिकामा व्हायचा आणि कपड्यांचं बोचकं गच्चीवर जायचं. गेल्या वर्षी लेकीच्या धावण्याच्या निवडीच्या सकाळी ते बोचकं सोडलं, तर गणवेशावर कबुतरांनी यथेच्छ कारभार केलेला. घाईघाईने धुतलेला, ओला, वास मारणारा गणवेश घालून पोरगी धावली. मैदानभर पोरी नाक धरून हसल्या. त्यानंतर तिने बूट पुन्हा पायात घातले नाहीत.

"पोरंच ती, विसरतात," थोरली म्हणाली होती.

पोर विसरली की नाही कोण जाणे, आई विसरली नव्हती. सहा महिन्यांपूर्वी वेगळ्या दोन खोल्या घेतल्या तेव्हाही ती गुपचूप निघाली. थोरलीशी तोंडाने लढायचं म्हणजे विहिरीत दगड टाकून विहीर भरायची वाट बघण्यासारखं.

पण थोरलीची एक खोड धाकटीला पाठ होती. दुसऱ्याला आवडलेली वस्तू तिला लगेच स्वतःला हवी व्हायची. खिडकीची खोली तशीच गेली, निळी चादर तशीच गेली. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून धाकटीने बोलून दाखवलेलं नावसुद्धा थोरलीने दोन महिने आधी झालेल्या आपल्या मुलीला ठेवून टाकलं आणि वर म्हणाली, "गोड आहे ना? एकदम सुचलं!"

गोदामात बघण्यासारखी कपाटं दोनच होती. पहिलं काळपट, बुटकं, प्रत्येक खणाची मूठ वेगळी. धाकटी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसाला चारशे शर्ट तिच्या हाताखालून जायचे आणि सुटलेला टाका डोळ्याआधी बोटांना कळायचा. तिने त्या कपाटाचा एकेक खण पूर्ण बाहेर काढला. कोपऱ्यांचे सांधे दातांत दात बसवल्यासारखे घट्ट. खण करंगळीने ढकलला तरी सरळ आत जाऊन बसत होता.

दुसरं आरशाचं, पितळी मुठींचं, चेहरा दिसेल असं पॉलिश केलेलं. त्याचा खालचा खण काढून तिने आत हात घातला आणि मागच्या फळीवरून बोटं फिरवली. टाचणीच्या टोकाएवढी भोकं. पाच मोजली, सहावं लागलं, मग तिने मोजणं सोडलं. खाली मैद्यासारखा बारीक भुसा पडला होता, ताजा, पिवळट. आत भुंगा जिवंत होता आणि त्याचं जेवण चालू होतं.

कारखान्यात शर्टात दोष सापडला की ती त्यावर लाल बाणाचा कागद चिकटवायची. इथे तिने ओढणीच्या टोकाने भुसा पुसला, खण जागेवर लावला आणि आरशासमोर उभी राहिली.

"वहिनी, हे बघा ना! मला हेच हवं."

"हे? तुमच्या दोन खोल्यांत?" काळ्या कपाटापाशी उभी असलेली थोरली लगबगीने आली. तिने आरशात बघून केस सारखे केले, पितळी मुठीवरून हात फिरवला. "तू सात वाजता केस कसेबसे बांधून पळतेस. तुला आरसा कशाला?"

"पण मी आधी बघितलं, वहिनी."

"घरातल्या घरात आधी-नंतर काय गं? आमच्या बेडरूमला असंच हवं होतं, तुझ्या भाऊजींना कधीची सांगतेय. तू ते काळं घे. दणकट आहे, रंगही तुझ्यासारखाच." ती दुकानदाराकडे वळली. "भाऊ, हे माझं."

धाकटीने पुरेसा वेळ मान खाली घालून ठेवली. दुकानदाराला दया आली असावी, त्याने तिला बसायला स्टूल दिलं.

मग भलतंच झालं. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "हिरमुसू नकोस. आमचं पाच खणांचं आता रिकामंच होईल. ते घेऊन जा, फुकट."

अकरा वर्षांत थोरलीने आपणहून काही दिल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. थोरलीच्या खोलीत वडिलांनी दिलेला सागवानी पलंग होता, भिंतभर लाकडी मांडणी होती. भुंगा काही एका कपाटावर समाधान मानणारा प्राणी नव्हे. तिने तोंड उघडलं.

"वहिनी, याच्या मागच्या फळीला..."

"तळाच्या खणाला जरा कुबट वास येतो हं," थोरली दुकानदाराकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, "पण हिच्या लेकीला वासाची सवय आहे. आमची कबुतरवाली! मैदानात सगळ्या पोरी तिच्यापासून लांब पळाल्या, ही पकडणार कुणाला?" स्वतःच्या विनोदावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "हां, काय म्हणत होतीस? मागच्या फळीचं काय?"

"छान जाड आहे, म्हटलं."

हमाल आले. आरशाचं कपाट टेम्पोत चढवताना धाकटीने स्वतः खालचा कोपरा धरला, आरशाला जुनी रजई गुंडाळली, दोरीची गाठ दोनदा ओढून बघितली. थोरली ड्रायव्हरशेजारी बसली. धाकटी खिडकीपाशी गेली.

"वहिनी, पलंगाला अगदी चिकटवून लावा. आरशात पलंग उठून दिसेल."

"तेवढं कळतं मला," थोरली म्हणाली.

टेम्पो वळेपर्यंत धाकटी हात हलवत राहिली. मग आत जाऊन तिने काळं कपाट बाहेर काढायला सांगितलं.