नवा कायदा आणि माझी मुद्देमाल खोली

परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी अकरा वर्षं मुद्देमाल सांभाळला. चोरांकडून जप्त केलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत माझ्या खोलीत राहायच्या. आता मी निवृत्त आहे. चहाला मित्र जमले की म्हणतात, "हवालदार, एखादा किस्सा सांगा." एक सांगायला घेतला की त्याच्या मागं दुसरा उभाच असतो.

नवा कायदा आला तेव्हा साहेबांनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाले, "माल वर्षानुवर्षं ठेवायचा नाही. व्हिडिओ काढा आणि मालकाला देऊन टाका. चोरीच्या पैशातून चोरानं काही घेतलं असेल, तर तेही जप्त होणार आणि ज्याचं नुकसान झालं त्याला मिळणार."

आमच्या शेख जमादारानं विचारलं, "साहेब, त्या पैशाची बिर्याणी खाल्ली असंल तर?"

साहेबांनी जरा विचार केला. "तुम्ही जप्तीला जाऊ नका," म्हणाले.

व्हिडिओचा पहिला मान महादेवाच्या देवळातल्या घंटेला मिळाला. भंगारवाल्याकडं सारख्याच तीन घंटा सापडल्या होत्या. देवळाचे गुरव म्हणाले, "डोळ्यानं कशी ओळखू? वाजवून बगतो."

तिसरी वाजली आणि गुरवांनी हात जोडले. मग पंचांनी जोडले, साहेबांनी जोडले. चोराचे बेडीत आधीच जोडलेले होते.

कोर्टात व्हिडिओ लावला. न्यायाधीशांनी दोनदा बघितला आणि विचारलं, "यात आरोपी कोण?"

पालमच्या बाजारात पकडलेली बकरी ठाण्यातच व्याली. दोन पिल्लं. मालकीण गयाबाई न्यायला आल्या, तर चोराचा वकील आडवा आला. "बकरी यांची, कबूल. पण चोरी झाली तेव्हा पिल्लं नव्हती. चारा माझ्या अशिलानं घातला."

साहेब कायद्याचं पुस्तक चाळायला लागले. गयाबाई शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्याला म्हणावं पाज दूध. पाजता आलं तर पिल्लं त्याची."

वकिलांनी फाईल मिटली.

एकदा सुटून आलेला एक चोरच खोलीच्या दारात उभा राहिला. "हवालदारसाहेब, माल ज्याचा त्याला गेला. ज्या पिशवीत होता ती माझी हाय."

रजिस्टर बघितलं. खरंच त्याची होती. मी दिली, तरी तो हलेना. म्हणाला, "पावती द्या. माझ्या हातात चांगली पिशवी बघितली की लोक लगेच इचारतेत."

शेवटचा सांगताना मात्र मी चहा बाजूला ठेवतो.

बसलिंगआप्पांचं भांड्यांचं दुकान एका माणसानं फोडलं. पितळ विकून टाकलं आणि बायकोला शिलाई मशीन घेतली. तो आत गेला. कोर्टाचा हुकूम निघाला आणि मशीन आणायला मला पाठवलं.

बायको, सुमन, शाळेचे गणवेश शिवत होती. मशीन कशातून आली हे तिला माझ्याकडूनच कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. सुईखाली अर्धी बाही होती. "एवढी शिवून घेऊ का?" म्हणाली.

मी थांबलो. तिनं बाही पुरी केली, धागा तोडला, मशीन पुसली आणि उठली.

पुढं कलेक्टर कचेरीतून आदेश आला की मशीन आप्पांना द्यावी. आप्पांनी सही केली आणि टेम्पोत घालून नेली. त्यांच्या घरात शिवणारं कुणी नाही. विकून टाकतील, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी दुकानावरून चाललो होतो. आत पातेल्यांच्या कडेला मशीन चालू होती. मशीनवर सुमन बसली होती, शेजारी गणवेशाच्या कापडाचा गठ्ठा.

आप्पा गल्ल्यावर पेपर वाचत होते.

"आप्पा, हे काय?"

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "कोर्टानं मशीन मला दिली न्हवं? मला कुठं चालवता येती."