दादांनी न विचारलेला प्रश्न

वहिनींचा फोन आला तेव्हा मी जबलपूरच्या कांचघर भागातल्या आमच्या घरी कणीक मळत होते. हात पिठाचे होते, म्हणून मुलीनं फोन माझ्या कानाला धरला. "संध्या, हे गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडे कोणीतरी हिंदीत कुणाला तरी घराचा पत्ता समजावून सांगत होतं. दादा म्हणजे आमचे मालक, वहिनी त्यांच्या पत्नी. त्यांच्या पंख्यांच्या कारखान्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यांना जाऊन आता महिना उलटला. या दिवसांत जो भेटला तो म्हणाला, देवमाणूस होता. मी मान हलवत राहिले. दादा चांगले होते, यात शंकाच नाही. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर तेवढ्यावर थांबता येत नाही, आणि तसं थांबलेलं त्यांनाही आवडलं नसतं.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून जबलपूरला आले. दादांचं घराणं त्याआधी कितीतरी पिढ्यांपासून इथलं. मी बी.एस्सी. झाले आणि तयार पंखे तपासायच्या विभागात लागले. शेजारीच वाइंडिंगचा विभाग होता. पंख्याच्या मोटरवर तांब्याची तार गुंडाळायचं ते काम, सगळं बायकांचं, आणि त्यातल्या बहुतेक जणी आमच्यासारख्याच विदर्भातून आलेल्या घरांतल्या. कारखानाभर हिंदी चालायची, पण वाइंडिंगमध्ये शिरलं की मराठी. दादा सकाळी पहिल्यांदा तिथेच यायचे. कुणाच्या मुलीचं बारावीचं काय झालं, कुणाची सासू दवाखान्यातून घरी आली का, हे सगळं त्यांना माहीत असायचं. वाइंडिंगमधल्या गंगामावशींचा नवरा आजारी पडला तेव्हा दादांची गाडी आठवडाभर दवाखान्याच्या दारात उभी होती. आम्हाला ते घरातले वाटायचे... पुढे जे घडलं ते इतकं लागलं, ते त्यामुळेच.

दोन्ही मुलं परदेशी, दादांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, मोठ्या कंपन्यांचे पंखे स्वस्त झालेले. दादांनी कारखाना विकायचं ठरवलं आणि आम्हाला अंगणात बोलावून स्वतः सांगितलं. "फक्त दारावरची पाटी बदलेल. काम तेच, माणसं तीच." गंगामावशी सगळ्यांत जुन्या. त्यांनी विचारलं, "पक्कं ना, दादा?" दादा हसून म्हणाले, "पक्कं, मावशी." आम्ही पेढे खाल्ले आणि कामाला लागलो.

नव्या मालकांना आम्ही कधी पाहिलंच नाही. ते कुठल्या तरी दूरच्या शहरात होते. इथे त्यांचा एक तरुण मॅनेजर आला, बोलायला मऊ. आधी गणवेशाचा रंग बदलला, मग चहाची वेळ. पावसाळा सरताना एका सकाळी वाइंडिंगच्या दाराला कुलूप होतं. तयार मोटर्स आता बाहेरून येणार होत्या. सगळ्या बायका घरी, आणि तपासणीही नव्या यंत्रावर होणार म्हणून आम्हीही. कामगार कार्यालयात गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "उन्होंने सब नियम से किया है, दीदी." जुना मालक आता मालक नव्हता, नवा मालक समोर नव्हता, मॅनेजर वरून हुकूम आल्याचं सांगत होता. मग आम्ही सदर भागात, दादांच्या घरी गेलो.

ते व्हरांड्यात आले. चेहरा उतरलेला होता. "हे होईल असं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "माझ्या हातात आता काही राहिलं नाही." गंगामावशी पायरीवर उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "हातात होतं तवा तुमीच देलं ना, दादा? चोरीले तर नाई गेलं." वहिनी पाणी घेऊन आल्या, पण कोणी घेतलं नाही.

त्यानंतर ते एकटेच कारखान्यात गेले. हे त्यांनी मला पुढे सांगितलं. चौकीदार नवा, त्यानं बाकावर बसवून ठेवलं. मॅनेजर भेटला तो आदबीनं, खुर्ची वगैरे देऊन. म्हणाला, "सर, ये तो सौदे के वक्त ही तय था. आप मीटिंग में थे." आणि दादांना ती बैठक आठवली. सल्लागार बोलत होते, कागद फिरत होते, आणि कोणीतरी 'पुनर्रचना' असा शब्द वापरला होता. "म्हणजे काय, असं मी विचारलं नाही गं," दादा मला म्हणाले. "विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मला अंदाज होता, संध्या. मी हो म्हटलं आणि चहा घेतला..."

हे त्यांना कोणी कबूल करायला लावलं नव्हतं. तरी कारखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते गंगामावशींच्या घरी गेले. मी शेजारचीच, म्हणून मलाही हाक मारली. तिथल्या लोखंडी पलंगावर बसून म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला माहीत होतं." "मंग आता काहून सांगून राहिले?" मावशींनी विचारलं. मावशींनी त्यांना माफ केलं नाही, घालवूनही दिलं नाही. डाळ शिजत होती, ती बघायला त्या आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत.

पुढची दोन वर्षं दादा ओळखीच्या दुकानांतून, शाळांतून आमच्यासाठी शब्द टाकत फिरले. मला एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. काहींना मिळालं, पुष्कळ जणींना नाही. वाइंडिंगचं कसब दुसरीकडे कुठे लागत नव्हतं. मुलं फोनवर त्यांना समजवायची, बाबा, व्यवहारात असं होतंच. दादा फोन वहिनींकडे द्यायचे.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. अंथरुणाला खिळले होते, धाप लागत होती. म्हणाले, "खरं सांग. दोष कुणाचा?" आजारी माणसाला काय सांगायचं असतं, ते मला कळत होतं. पण ते खरंच विचारत होते. मी म्हणाले, "नव्या मालकांचा आहेच, दादा. पण ते आम्हाला ओळखत नव्हते. तुम्ही ओळखत होता." त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरून ठेवला... मी निघेपर्यंत सोडला नाही.

ग्वारीघाटावर, दादांना अग्नी देताना, गंगामावशी आल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

परवा वहिनींना भेटायला गेले. त्यांनी मला दादांच्या खोलीत नेलं. पलंगासमोरच्या भिंतीवर विश्वकर्मा पूजेच्या दिवशी काढलेला वाइंडिंगच्या बायकांचा फोटो लावलेला होता, पडल्या पडल्या दिसेल असा. "रोज बघत एकेकीचं नाव घ्यायचे," वहिनी म्हणाल्या. "मागच्या रांगेतल्या हिच्यापाशी अडायचे. मला विचारायचे, मी कशी ओळखणार? तुला विचारा म्हटलं, तर म्हणाले, लाज वाटते."

मी जवळ जाऊन पाहिलं. डोक्यावर पदर, डोळे अर्धवट मिटलेले. "रेखा," मी म्हणाले. "रेखा गजभिये. आता नागपूरला असते, भावाकडे."

वहिनी रिकाम्या पलंगाकडे वळून हळूच म्हणाल्या, "अहो, रेखा."