खुटबावपर्यंत बत्तीस

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला बेचाळीस किलोमीटर पळायची हुक्की आली. बायको म्हणाली, "सुचतंय बरं एकेक." आमच्या कारखान्यातले साहेब दरसाल पुण्याची मॅरेथॉन पळतात. त्यांनी मला थंडीच्या तीन महिन्यांचा सरावाचा तक्ता करून दिला आणि बजावलं, "बाकी काही चुकलं तरी चालेल, पण शर्यतीआधी एकदा बत्तीस किलोमीटर सलग पळा. मध्ये थांबायचं नाही. ते जमलं तरच पुण्याला या."

थांबायचं नाही म्हणे. शिरूर तालुक्यात हे बोलणं सोपं आहे. बिबट्याच्या धास्तीनं उजाडल्याशिवाय घराबाहेर पडायची सोय नाही, आणि उजाडलं की सगळं जग रस्त्यावर. आमच्याकडं पायी निघालेल्या माणसाला गाडीवर न घेता पुढं जाणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. बत्तीस पुरे करायला निघालो त्या पहिल्या रविवारी मी पंधरा किलोमीटरला पोचलो, तर एका आप्पांनी मोटारसायकल शेजारी आणली.

"बसा की मागं."

"नको आप्पा, पळतोय मी."

"ते दिसतंय मला. पर कशापायी? एसटी चुकली व्हय?"

किलोमीटरभर ते माझ्याशेजारून तसेच आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात भांडून निघालाय का?" आणि गाडी आडवीच घातली. वडीलधाऱ्या माणसाला किती वेळा नाही म्हणायचं? बसलो मुकाट. दुसऱ्या रविवारी चोविसाव्या किलोमीटरला एका ओळखीच्यानं हात धरून हुरड्याला नेलं. हुरडा झकास होता, ते सोडा, पण माझं टाळकं फिरलं. त्या आठवड्यात मी घरात धड कुणाशी बोललो नाही. माणसांना दुसऱ्याचं काही पुरं होऊ द्यायचंच नाही, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

आता एकच रविवार उरला होता. त्या दिवशी जमलं नाही तर पुणं विसरायचं.

मी आडरस्ता शोधला. आमच्या वस्तीवरून निघून, नदी ओलांडून, वाकडंतिकडं फिरत खुटबावला थोरल्या बहिणीच्या दारात बत्तीस पुरे होत होते. म्हटलं, अक्काला सांगायचंच नाही. एकदम दारात उभं राहायचं आणि गरम भाकरी खायची. कुणाचा फोन येऊन थांबायला लागू नये म्हणून फोन सायलेंट करून कपाटात टाकला.

त्या दिवसाइतका खूश मी क्वचितच झालो असेन. थंडी कडक होती, नाक गळत होतं, नदीवर पांढरं धुकं आणि दोन्ही अंगांना तोडलेल्या उसाचा वास. उसाच्या ट्रेलरवाल्यानं हाक मारली, एका पिकअपवाल्यानं दार उघडलं. त्या दिवशी मी ठार बहिरा झालो. हात हलवायचा आणि पुढं. अठ्ठावीसनंतर मांड्या भरून आल्या, पण मन म्हणत होतं, जमलं गड्या, आज जमलं.

अक्काचं घर समोर आलं तेव्हा अंतर मोजणाऱ्या घड्याळात एकतीस पूर्णांक सहा किलोमीटर झाले होते. घर चारशे मीटर अलीकडंच आलं होतं. हिशेब चुकला होता. म्हटलं, हरकत नाही, घरावरून पुढं विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

अक्का दुधाची किटली घेऊन गोठ्यातून येत होती. तिनं मला पाहिलं. घामानं निथळणारा, तोंड उघडं टाकून धावत येणारा भाऊ, बरोबर गाडी नाही, पिशवी नाही. किटली तिच्या हातातून सुटली आणि ती तिथंच मातीत बसली.

"आई गेली का रं?"

मागच्याच आठवड्यात आईला ताप येऊन गेला होता. मी थांबलो. तीन महिने ज्याच्यासाठी जगाशी भांडलो ते सोडून मी थांबलो, आणि घड्याळाकडं पाहायचं सुचलंही नाही.

"अगं अक्का, काही नाही झालं. आई बरी हाय."

हे ऐकल्यावर तिनं मोठ्यानं रडायलाच सुरुवात केली. माझी अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. आमच्याकडं लेकीला आईच्या मरणाचा निरोप फोनवर देत नाहीत. घरचं माणूस येतं आणि "बरी हाय, जरा भेटायला बोलावलंय," एवढंच म्हणून तिला गाडीत बसवतं. वडील गेले तेव्हा मीच आलो होतो, आणि मीच तिला "बरे हायेत" म्हणालो होतो.

"सकाळधरनं दोनदा फोन लावला तुला. उचलला न्हाईस," ती म्हणाली.

मग तिच्याच फोनवरून माझ्या बायकोला लावला, आईला द्यायला सांगितलं. आई म्हणाली, "कोण, अक्का का? चहा पितीय. तो येडा पळत कुठं गेलाय बघ बाई." अक्कानं फोन कानाला घट्ट दाबून धरला होता. फोन ठेवल्यावर तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि पदरानं माझंच तोंड पुसलं. मला इतकी लाज वाटत होती की पळण्याचं बोलायचं धाडस झालं नाही. तिनंच खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"म्हंजी माझ्यामुळं मोडलं तुझं?"

"जाऊ दे. चारशे मीटरच राहिलं होतं."

"किती लांब म्हंजी?"

"विहिरीपर्यंत जाऊन परत."

तिनं पदर खोचला. "चल."

छप्पन वर्षांची अक्का चपला काढून माझ्याबरोबर पळाली. शेजारची जाऊ कुंपणाशी येऊन "काय झालं वं?" विचारत होती. विहिरीला हात लावून आम्ही परत फिरलो आणि अंगणात आलो तेव्हा अक्काला धाप लागली होती, हसूही येत होतं. पुण्याला जायचं मी तिथंच ठरवून टाकलं.

ती ओट्यावर टेकली. दम खाऊन झाल्यावर म्हणाली, "आईचं कवातरी व्हायचंच हाय. तवा तूच ये, दुसऱ्या कुणाला धाडू नगंस. आन् मला बरी हाय म्हणू नगंस."

मी व्हय म्हणालो.