शेवटच्या फेरीतला माणूस

किकर कितव्या फेरीत उचलावा, या प्रश्नावर मी एका वर्षी चांगले चार महिने डोकं शिणवलं. मी कधी अमेरिकेत राहिले नाही, की अमेरिकन फुटबॉलचा एक सामना धड शेवटपर्यंत पाहिला नाही. तरीही त्या प्रश्नाचं नाव निघालं की आजही माझ्या तोंडाची चव जाते.

साल दोन हजार आठ. जर्मनीत वाल्डॉर्फमधल्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या आजूबाजूला तिच्याच प्रणालीवर पोट भरणाऱ्या कितीतरी लहान कंपन्या होत्या. त्यांतल्या एकीत मी टीम लीड होते. हाताखाली पुण्याहून आलेले आठ जण. ‘हाताखाली’ हा शब्द तेव्हा मला फार आवडायचा. माझ्या वर एक जर्मन मॅनेजर होता, सरळ माणूस, वेळेचा पक्का. मी तिथे पाच वर्षं काढली होती, जर्मन बरी बोलायचे, दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांच्याच टेबलावर बसायचे. पण त्यांच्यात बसणं वेगळं आणि त्यांच्यातलं असणं वेगळं, हे रोज जेवताना कळायचं. मला त्यांच्यातलं व्हायचं होतं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

आमच्या ऑफिसात एक अमेरिकन होता. हायडेलबर्गच्या लष्करी छावणीत नोकरी करून, ती सोडून इथेच स्थिरावलेला. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी तो एक खेळ मांडायचा. दहा जणांनी कागदावरचे आपापले संघ करायचे, खेळाडू खरे घ्यायचे, अमेरिकेतल्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. खेळाडू निवडायचे पाळीपाळीने. एकाने उचलला की तो दुसऱ्याला मिळत नाही. त्या वर्षी नऊच जण जमले होते आणि नऊ जणांत दर आठवड्याच्या लढतींच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून त्याने मला विचारलं. खेळ काय आहे हे विचारायच्या आत मी हो म्हणून बसले.

मग मी अभ्यासाला लागले. आपल्याकडे दुसरं येतं काय? दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या पाहत वाढलेली मी. मागच्या हंगामात सगळ्यात जास्त गुण कोणी केले, एवढं शोधून काढलं आणि वरपासून खाली यादी लिहिली. वरची जवळजवळ सगळी नावं किकर्सची. हा खेळ नावाला फुटबॉल. चेंडू हातात घेऊन पळतात, हाताने फेकतात. पायाने मारायला एक वेगळा माणूस ठेवलेला असतो, तो किकर. सामनाभर तो कडेला उभा. गरज पडली की आत यायचं, दोन खांबांमधून चेंडू मारायचा, तीन गुण घ्यायचे आणि पुन्हा कडेला जाऊन उभं राहायचं. मला वाटलं, सोन्याची खाण सापडली आणि या बावळटांना पत्ताच नाही.

शुक्रवारी जेवणानंतर मीटिंग रूममध्ये सगळे जमले. माझा नंबर चौथा. मी यादीतलं पहिलं नाव वाचलं. असा हशा पिकला की शेजारच्या खोलीतले डोकावून गेले. अमेरिकनाने कपाळ टेबलावर टेकवलं. एरवी मोजून हसणाऱ्या मॅनेजरने चष्मा काढून डोळे पुसले. “किकर! आणि पहिल्याच फेरीत!”

अमेरिकनाने नंतर मला नीट समजावलं. ज्या यादीवरून मी ठरवलं ती खऱ्या सामन्यांच्या गुणांची, आणि यांच्या खेळात गुण मोजायची रीत वेगळी, हे तर झालंच. पण मूळ मुद्दा दुसराच होता. पहिल्या नंबरचा किकर आणि दहाव्या नंबरचा किकर यांत फरक फार थोडा. यंदाचा पहिला पुढच्या वर्षी पहिला राहीलच असं नाही. शिवाय किकर कुठेही मिळतो. म्हणून शहाणा माणूस त्याला शेवटच्या फेरीत घेतो. खरे संघसुद्धा नवे खेळाडू निवडताना त्याच्यावर वरच्या फेरीतली निवड सहसा खर्च करत नाहीत, आणि केली तर लोक वर्षानुवर्षं हसतात.

“पण सामना तीन गुणांनी हरला तर?” मी विचारलं.

“तर किकरला शिव्या द्यायच्या आणि दुसरा आणायचा,” तो म्हणाला.

त्यानंतर दर मंगळवारी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर गुणतक्ता लागायचा आणि कॉफीच्या यंत्रापाशी कोणी ना कोणी विचारायचंच, “काय, किकर काय म्हणतोय?” मी हसायचे. कान तापायचे, पण हसायचे. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, कारण पाच वर्षांत पहिल्यांदा ते लोक माझी थट्टा करत होते. ऑक्टोबर संपेपर्यंत मी इतकी तयार झाले की किकर आधी का घेऊ नये यावर मीच नव्या माणसाला व्याख्यान द्यायला लागले. मॅनेजर म्हणाला, “गेनाऊ!” म्हणजे अगदी बरोबर. “शिकलीस तू.” त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होते.

आता माझ्या आठ जणांतल्या एकाबद्दल सांगते. ते माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. सांगलीला छापखान्यात नोकरी करता करता कॉम्प्युटर शिकलेले. मला ‘मॅडम’ म्हणायचे, मी त्यांना अहो-जाहो करायचे. काम एकच, छपाईचे फॉर्म. ग्राहकाच्या प्रणालीतून जी कागदपत्रं बाहेर पडतात, म्हणजे बिलं, माल पोचवल्याच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, खोक्यांवरची लेबलं, ती सगळी नीट छापली गेली पाहिजेत. जर्मनीत पाकिटाला खिडकी असते. कागद घडी करून आत सरकवला की पत्ता नेमका त्या खिडकीत दिसला पाहिजे. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर हजारो पत्रं परत. बाकीचे सात जण वर्षभर बैठकांत मिरवायचे. हे कोपऱ्यात पट्टी आणि भिंग घेऊन बसलेले. प्रणाली सुरू व्हायच्या दिवशी मात्र सगळं ऑफिस त्यांच्या प्रिंटरभोवती. पहिलं बिल बाहेर यायचं, ते घडी घालायचे, पाकिटात सरकवायचे आणि खिडकी आमच्याकडे करून धरायचे. पत्ता कधीही चुकला नाही.

त्यांची बायको आणि मुलगी दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या. मुलगी तिथल्या शाळेत दुसरीत. घरी आईबाप मराठीत बोलायचे आणि ती जर्मनमधून उत्तर द्यायची. बायको म्हणायची, “आता हिला परत नेऊन मराठी शाळेत कशी बसवायची हो?” मी म्हणायचे, “नेताय कशाला?”

त्या हिवाळ्यात बँका कोसळल्या आणि आमच्या ग्राहकांनी हात आखडते घेतले. माझ्या आठही जणांचे करार डिसेंबरअखेर संपत होते. वाढवायचे फक्त पाच. इथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, त्यामुळे उरलेल्या तिघांना चंबूगबाळं आवरून परत जाणं भाग होतं. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, “आल्झो, तर समज तुझ्यासमोर कोणीच नाही. शून्यापासून टीम उभी करायचीय. कोणाला आधी घेशील? एक ते आठ लिहून आण.” आणि मी दारापाशी पोचल्यावर हसत म्हणाला, “फक्त या वेळी किकर पहिला नको.”

मी घरी बसून यादी केली. फॉर्मवाल्यांचं नाव तिसरं लिहिलं. विचार न करता लिहिलं, कारण ते होतेच तिसरे. मग मॅनेजरचं हसणं आठवलं. यादी त्याच्या हातात पडल्यावर तो काय म्हणेल हे मला ऐकू यायला लागलं: ही बाई काही शिकली नाही. एकच काम येणारा माणूस, वर्षातून चारदा लागणारा, आणि तो तिसरा! मी नवा कागद घेतला. त्यांचं नाव खाली नेत नेत आठवं केलं. त्या वेळी मला ते वाईट वाटलं नाही. मी स्वतःला कठोर, व्यवहारी, शहाणी समजले. तेच मला आज सगळ्यात जास्त झोंबतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने यादी वाचली आणि त्याचं बोट तळाशी थांबलं.

“हा आठवा?”

“हो.”

“मी त्याला तिसरा-चौथा धरला होता. सुरू व्हायच्या दिवशी त्याच्याशिवाय आपलं कसं व्हायचं?”

तो थट्टा करत नव्हता. त्याला फुटबॉल आठवतसुद्धा नव्हता. ते डोक्यात घेऊन फिरणारी मी एकटीच. त्याच्या हातात पेन्सिल होती, एक बाण काढला असता की झालं असतं. मला फक्त म्हणायचं होतं, माझं चुकलं. पण क्षणात मत बदलणारी बाई म्हणून मला त्याच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. मी म्हणाले, “फॉर्म कोणीही शिकेल. असा माणूस कुठेही मिळतो.”

“नक्की?”

“हो, नक्की.”

“बरं. तू त्यांना जास्त ओळखतेस,” असं म्हणून त्याने यादी फाइलमध्ये ठेवली.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते. आभाळ कोसळलं नाही. मार्चमध्ये नव्या ग्राहकाची प्रणाली सुरू झाली तेव्हा छपाईला दीड दिवस उशीर झाला, दुसऱ्या एका मुलीने रडतरखडत फॉर्म जमवले आणि लोक विसरले. सिद्धांत बरोबर होता. किकर कुठेही मिळतो. कागदावरच्या त्या खेळात माझा संघ शेवटून दुसरा आला आणि शेवटचा आला तो अमेरिकन स्वतः. त्याला कोणीही हसलं नाही.

डिसेंबरमध्ये जाणाऱ्या तिघांची कामाची प्रशस्तिपत्रं, म्हणजे त्सॉयग्निस, लिहायची होती. मसुदे मलाच करायचे होते. जर्मनीत या कागदाची एक ठरलेली भाषा असते. नुसतं ‘समाधान’ लिहिलं तर माणूस काठावर पास. ‘नेहमीच’ आणि ‘पूर्णातिपूर्ण समाधान’ असं लिहिलं तर अव्वल, त्याच्या वर काही नाही. मी त्यांना ते अव्वल वाक्य दिलं. अचूकपणा, चिकाटी, संकटात डोकं शांत, सगळं लिहिलं. खरंच होतं सगळं. दोन पानं भरली. एवढं मन लावून मी आधी काहीच लिहिलं नव्हतं.

सही झालेला कागद त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उभ्या उभ्याच वाचला, छापखान्यातल्या सवयीने, ओळीखाली बोट धरून. त्यांना जर्मन बोलायला जमायचं नाही, पण वाचता यायचं. दुसरं पान संपल्यावर परत पहिल्यावर आले.

“मॅडम, हे नुसतं दाखवायचं म्हणून लिहिलंय, की खरं आहे?”

“खरं आहे. एकेक शब्द खरा आहे.”

“मग मी का जातोय?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. एखादं बिल का चुकलं हे विचारावं तसं त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत म्हणाले, “वरून आलं हो. मी खूप भांडले तुमच्यासाठी.”

त्यांनी कागद पारदर्शक फोल्डरमध्ये सरकवला, कडा जुळवल्या आणि मान हलवली. “ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “मी घरी हिला म्हणालोच, मॅडम असताना आपलं नाव सहजासहजी नाही गेलेलं.”