समुद्रकाठचे एकवीस किडे

साहेबाने पेटी माझ्या हातात दिली तेव्हा मला वाटलं, आत काहीतरी मोलाचं असेल. झाकणाला बारीक जाळी होती. आत ओली वाळू, काळे दगड, समुद्राचा वास मारणारं शेवाळ आणि एकवीस किडे.

मी तेव्हा अकोल्यात, कापसाच्या कामावर नेमलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या फुलं आणि भाजीपाला पिकवणारं. मला थोडं लिहिता-वाचता येत होतं, म्हणून साहेब इतरांपेक्षा माझ्याशी जरा जास्त बोले. कुंडी उचलली की खालच्या ओलीत करडे, चपटे, पुष्कळ पायांचे किडे दिसतात, बोट लावलं की अंगाची गोळी करतात, ते मी रोज पाहत होतो. पेटीतले त्यांचेच भाऊबंद. पण हे गोळी होत नव्हते. अंगठ्याच्या नखाएवढे, मागे दोन काटे, आणि पळायला असे चपळ की नजर ठरू नये. साहेब बदलून येण्याआधी कोकणच्या किनाऱ्यावर होता. तिथे एकाच खडकाखाली त्याला हे सापडले होते. आजूबाजूला कोसच्या कोस धुंडाळूनही दुसरीकडे दिसले नाहीत.

"मेलेले हवे असते तर मी तिथेच बाटलीत घातले असते," साहेब त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "यांना पिल्लं कशी होतात, ते मला बघायचं. जिवंत ठेव. मी अमरावती, तिवसा करून एक महिन्याने येतो."

त्याने समुद्राच्या पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. रोज सकाळी थोडं शिंपडायचं आणि किती जिवंत आहेत ते कागदावर लिहायचं. माझ्या आधीच्या माळ्याला त्याने गुलाबाचं एक कलम वाळलं म्हणून काढून टाकलं होतं. ते कलम अकोल्यातच मिळण्यासारखं होतं. हे किडे तर कुठेच मिळणार नव्हते.

चैत्र सरत आला होता. दुपारी बंगल्याच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. पहिल्या आठवड्यात चार मेले. मी पेटी या खोलीतून त्या खोलीत हलवत राहिलो. जेवताना घास हातात तसाच राही आणि वाटे, आत्ता आणखी एक उलटा पडला असेल. मग पहिली बाटली संपली आणि दुसरी माझ्याच हातून निसटून फुटली. फरशीवरचं पाणी मी फडक्याने टिपून पिळून घेतलं, पण कितीसं निघणार! दोन दिवस पुरलं. नंतर घरातलं मीठ पाण्यात कालवून शिंपडलं. संध्याकाळपर्यंत तीन गेले. मीठ जास्त झालं की कमी, तेही कळायला मार्ग नव्हता. पुन्हा तो प्रयोग करायची छाती झाली नाही.

बायकोला सांगितलं. तिला या किड्यांची किळस होती, पण माझ्याकडे पाहून ती चूल सोडून उठली.

"काहून येवढे घाबरून राहिले?" ती म्हणाली. "दहीहांड्याकडं लोक विहिरीच्या पान्याचं मीठ करतात ना? मंग थे पानी आना."

मला हे सुचलं नव्हतं. पूर्णेच्या खोऱ्यात खोल विहिरींना खारं पाणी लागतं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

पण जायचं कसं? त्या वर्षी दूर देशात कुठेशी लढाई लागलेली आणि आमच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आलेला. ज्याच्याकडे गाडी होती तो कापूस वाहत होता. मी चार घरं फिरलो. एकाने तर हसूनच विचारलं, "पान्यासाठी गाडी? सपनात हायेस का गड्या?" शेवटी कावड घेतली, तिला भोपळ्याचे दोन तुंबे बांधले आणि पहाटे पायीच निघालो. बंगल्यावरची पेटी रोज पाहून येण्याचं काम बायकोवर सोपवलं. "हात लावू नको, जागची हलवू नको," असं तिला तीनदा बजावलं.

वाटभर अकोटकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या समोरून लागत होत्या. धुळीने डोळे भरले. बाभळींना उडालेला कापूस अडकला होता. मी एकटाच उलट्या दिशेने रिकामे तुंबे घेऊन चाललो होतो. मनात एकच हिशेब चालू होता, आज किती उरले असतील.

दिवस कलताना विहिरीपाशी पोचलो. तिथे एक म्हातारी वाफ्यांमधलं मीठ फळीने ओढून गोळा करत होती. मी पाणी मागितलं.

"प्यासाठी असन तं तिकडच्या आडावर जाय."

"प्यासाठी नाई. हेच खारं पायजे."

ती थांबली. "लोक मीठ नेतात. पानी कोन नेते रे बाप्पा?"

किड्यांसाठी म्हणायची लाज वाटली. औषधाला हवं असं सांगितलं. तिने दोन्ही तुंबे भरून दिले आणि म्हणाली, "लई कडक हाय. दुप्पट गोडं पानी घालशीन, नाई तं चामडी जळन." तिच्या या एका वाक्यानं माझं अर्धं भय उतरलं. रात्र तिच्याच ओट्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी परत फिरलो.

संध्याकाळी थेट बंगल्यावर गेलो. पेटी जागेवर नव्हती.

आधी वाटलं, मीच खोली चुकलो. सगळ्या खोल्या पाहिल्या, पलंगाखाली पाहिलं, व्हरांडा पाहिला. चौकीदार जागेवर नव्हता. साहेब अचानक परत आला असेल का? कुणी चोरली असेल का? तुंबे तिथेच ठेवून मी घराकडे पळत सुटलो.

बायको रांजणापाशी बसली होती. पाझरून ओल्या झालेल्या मातीवर पेटी ठेवलेली, वर भिजवलेलं लुगड्याचं धडपं.

"हलवू नको म्हटलं होतं ना!" मी ओरडलोच.

"तिथं भट्टी होऊन राहिली होती. मेले असते समदे," ती शांतपणे म्हणाली. "आधी पाहा त."

मी धडपं उचललं. अकरा जिवंत होते. आणि दगडावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके हलत होते.

"पोटाखाली पिशवी असते वाटते त्यायले," ती म्हणाली. "आज सूर्य डोक्यावर यायच्या आत एक एक निंगालं. मी भाकरी टाकून पाह्यत बसली." किळस कुठे गेली होती कोण जाणे.

त्यानंतर पेटी आमच्याच घरी राहिली. खारं पाणी म्हातारीने सांगितल्याप्रमाणे पातळ करून शिंपडत होतो. तरी मी रोज कागदावर आकडा लिहिताना घाबरायचो. वीस दिवसांनी साहेब आला तेव्हा मोठे आठच होते. मी पेटी पुढे ठेवली आणि मेलेल्यांचं आधी सांगून टाकलं, फुटलेल्या बाटलीचंही.

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. भिंग डोळ्याला लावून तो पिल्लं पाहत होता. "कधी झाली? कशी?" मला सांगता येईना. मी बायकोला बोलावून आणलं. ती पदर पुढे ओढून दाराशी उभी राहिली आणि सगळं सांगितलं. मी त्याला समजेल अशा मराठीत ते पुन्हा सांगत गेलो. मग साहेबाने भिंग तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"मोठ्याच्यापेक्षा याले पायाची एक जोडी कमी हाय," ती म्हणाली.

साहेबाने स्वतः पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं. मग मोठ्याने हसला. मी त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने दौत ओढली. "मी हे विलायतेला लिहून पाठवणार. प्रथम कोणी पाहिलं, ते लिहायचं आहे. बाईचं नाव काय?"

आमच्यात नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. शिवाय मनात आलं, साहेबाच्या कागदावर घरच्या बाईचं नाव गेलं तर आळीत लोक काय म्हणतील. महिनाभर भीतीचीच सवय झाली होती मला. मी म्हणालो, "लिहा, माळ्याच्या घरचं माणूस." साहेबाने तिच्याकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. त्याने तसंच लिहिलं.

घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती. नदीच्या उतारावर थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "तुमाले घेता येत नोतं, तं मले सांगायचं. मी घेतलं असतं की माह्यं नाव."



साहेबाची पुढच्या हिवाळ्यात बदली झाली. पिल्लं त्याने मोठी केली की बाटलीत घातली, हे मला कधी कळलं नाही. त्याचा कागद विलायतेला पोचला असेल, तर त्यावर अजून माझेच शब्द आहेत. बायको आणखी तीस वर्षं माझ्यासोबत होती. ती गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. मी मात्र बंगल्याच्या वाटेवरून जाताना तिचं नाव मोठ्याने घेऊन पाहायचो, आसपास कुणी नाही याची खात्री करून.