भूगोलाचा अर्ज

मी चौथी पास आहे. नापास होऊन शाळा सोडली असं आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पास झालो, मग सोडली. बापू, म्हणजे आमचे वडील, गेले आणि बैलांकडे पाहायला घरात दुसरं कोणी उरलं नाही. माझा भाऊ तेव्हा याडीच्या, म्हणजे आईच्या, कडेवर होता. त्याला याडीनं वाढवलं हे खरं, पण मीही वाढवलं. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून माझीच सही आहे, आणि ती मी वळणदार करतो.

हा भाऊ यवतमाळला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाला. साठ-एकसष्ट साल असेल. आमच्या तांड्यातून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. नायकानं, म्हणजे तांड्याच्या मुखियानं, गूळ वाटला. कॉलेजात नाव घालायचं ठरलं तेव्हा पेरणी ऐन भरात होती, तरी मी तिफण गड्याच्या हाती दिली, धुतलेला फेटा बांधला आणि भावाला घेऊन मोटरीनं यवतमाळला गेलो.

कॉलेजच्या कचेरीत एक चष्मेवाला कारकून होता. त्यानं फॉर्म पुढे सरकवला आणि भावाला विचारलं, "विषय कोणते घेतोस?"

आमच्यात रीत अशी की परक्या माणसासमोर मोठा भाऊ उभा असताना धाकटा बोलत नाही. मोठा बोलतो, धाकटा मान हलवतो. म्हणून मी म्हणालो, "मले विचारा."

"तुम्ही शिकणार आहात का?"

"नाव मी घालून राह्यलो. तुमी वाचा, मी सांगतो."

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं, मग वाचलं. इंग्रजी आणि मराठी सगळ्यांनाच. बाकी यादीतून तीन निवडायचे. गणित, इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, भूगोल, आणखी काहीबाही.

आता यात मला जे कळत होतं तेच मी केलं. आमचे आजे-पणजे लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. बापूंच्या काळात ते सरत आलं होतं, तरी गाडीवाट नसलेल्या खेड्यांतून ते बैलाच्या पाठीवर गोण्या टाकूनच धान्य आणत. मला त्यांनी लादणं शिकवलं होतं. तरण्या बैलाला हलकं ओझं द्यायचं नाही, तो माजतो. एका अंगाला जड द्यायचं नाही, पाठ सोलते. दोन्हीकडं बरोबर गोण्या, आणि वर मधोमध एखादं लहान गाठोडं.

मी विचारलं, "साहेब, यातलं सगळ्यात जड कोनतं?"

"जड? गणित जड म्हणतात पोरं."

"मग गणित लिहा. त्याच्या तोलाचं दुसरं?"

कारकून हसायला लागला. "इतिहास लांबलचक आहे बुवा."

"तो लिहा. आता वरती एक हलकं गाठोडं."

"हलकं म्हणजे भूगोल लिहू का?"

तेव्हा भावानं मान वर केली होती. ते मी पाहिलं. पण पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी म्हणालो, "भूगोल कायले? आमच्या आज्यानं अर्धा मुलूख पायानं मोजला. जे घरी फुकट आहे त्याच्यासाठी कॉलेज कशाला?"

मागच्या रांगेतली पोरं हसली. मलाही आपलं बोलणं आवडलं. वरचं गाठोडं म्हणून तर्कशास्त्र लिहिलं. ते काय असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. पालकाच्या रेघेवर मी सही केली. विद्यार्थ्याच्या रेघेवर भावानं केली. त्याची सही त्या दिवशी फारच बारीक आली.

तांड्यात परतल्यावर मी नायकाच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं, पोराला गणित घातलं, सगळ्यात जड. नायकानं मान डोलावली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आठ दिवस मी छाती काढून हिंडलो.

पुढच्या रविवारी भाऊ कपडे न्यायला घरी आला. जेवला कमी, बोलला त्याहून कमी. मला वाटलं, अभ्यास चढला असेल. सोमवारी पहाटे तो गेला आणि दुपारी माझी घरवाली भाकर वाढता वाढता म्हणाली, "तुमी त्याले विचारलं होतं काय, कोनतं शिकायचं ते?"

"त्यात विचारायचं काय? मोठा कोन?"

"मोठे तुमीच. पन गनित तुमी सोडवनार हाये काय?"

भोजाईशी दीर मोकळेपणानं बोलतो. मला जे सांगायची त्याची हिंमत नव्हती ते त्यानं तिला सांगितलं होतं. त्याला भूगोल पाहिजे होता. मॅट्रिकच्या मास्तरांनी त्याला तेच घे म्हटलं होतं. विषय बदलायला येत्या शनिवारपर्यंत मुदत होती. त्यानंतर काही नाही.

मी म्हणालो, "नायकासमोर सांगितलेलं मी फिरवत नाही."

"नका फिरवू. बसा सांगत." आणि तिनं ताकाचा गडू माझ्या हाताला लागणार नाही असा लांब ठेवला.

याडी कोपऱ्यात गोधडीला टाके घालत होती. ती म्हणाली, "त्याचा कागद दाखव त्याले."

घरवालीनं पेटीतून एक घडी केलेला कागद काढला. भावानं पेन्सिलीनं काढलेला होता. सुट्टीभर तो याडीजवळ बसून तिला विचारत होता, बापूंची लदेणी कुठून निघायची, कुठं उतरायची, पाणी कुठं, चराई कुठं. मी वावरात असायचो, मला पत्ताच नाही. यवतमाळ होतं, उमरखेड होतं, वणी होती, आणि मधे कोणत्याही नकाशात नसतील असे मुक्काम होते. एका ओढ्यापाशी लिहिलं होतं, 'भियाचा जन्म'. भिया म्हणजे मोठा भाऊ. म्हणजे मी.

मी कागद बराच वेळ पाहिला. मग मला एक चूक सापडली.

"हे काय केलं यानं? या दोन मुक्कामांत बोटभर जागा ठेवली."

याडी म्हणाली, "लागूनच तर हाये."

"लागून हाये, पन मधी घाट हाये! भरल्या बैलाले अख्खा दिवस लागते. सपाट काढून ठेवला लेकानं. याले चढन कागदावर आनता येत नाई."

घरवाली म्हणाली, "कोन शिकवते मंग ते?"

मी हात लांबवून गडू ओढला. ताक पिऊन वावरात गेलो. खरं सांगायचं तर कागदावरच्या माझ्या जन्मानं मी हललो होतो. पण घरात मी तसं म्हटलं नाही. शुक्रवारी जेवताना म्हणालो, चुकीचं शिकलेलं पोरगं आपल्याला नको, उद्या यवतमाळला जाऊन येतो. घरवाली तोंडाला पदर लावून चुलीकडं वळली. ती हसली की काय ते मी पाहिलं नाही.

शनिवारी भावाला वसतिगृहातून उचललं, पेटीतला तो कागद त्याच्या हाती दिला आणि कचेरीत गेलो. तोच कारकून.

"काय, गाठोडं घसरलं का?"

"भूगोल लिहा. तर्कशास्त्र काढा."

"गणित ठेवायचं?"

मी भावाकडं पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. मी म्हणालो, "बोल नं. गनित पाहिजे का?"

त्याची मान हलली. नको अशी.

"गनितही काढा. त्याच्या जागी…" आणि मी थांबलो. मला सांगायचं होतं, पण जीभ चावून गप्प राहिलो. हे माझ्यासाठी किती कठीण होतं ते मला ओळखणारांनाच कळेल. शेवटी भावानं कारकुनाला अगदी हळू सांगितलं, "अर्थशास्त्र."

कारकून म्हणाला, "अर्ज करावा लागेल. पालकाच्या हातचा. कारणासह. मग भूगोलाच्या सरांची सही."

कारण! मी तिथल्या बाकावर टाक घेऊन बसलो. नायकासमोर मी कधी चूक कबूल केली नव्हती, घरवालीसमोर तर नाहीच. आणि इथं सरकारी कागदावर. भाऊ म्हणाला, "मी लिहू का, भिया?" मी म्हणालो, "मी चौथी पास आहे." आणि लिहिलं, 'पहिल्या खेपेला भावाला विचारले नाही, सबब विषय चुकले.' सबब हा शब्द मला चौथीतच माहीत झाला होता.

भूगोलाचे सर तरुण होते. त्यांनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला, मग म्हणाले, "असं कारण पहिल्यांदा आलं." मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांनी भावाला विचारलं, "का पाहिजे भूगोल?" भावानं माझ्याकडं पाहिलं, मग खिशातून तो कागद काढला. मी सरांना आधीच सांगून टाकलं की यात घाट नाही. ते म्हणाले, "तो दाखवता येतो," आणि कपाटातून एक मोठा नकाशा काढून टेबलावर पसरला. त्यावर सगळीकडं वेटोळ्या रेघा. सर म्हणाले, रेघा दाटल्या की चढण खडी.

मी त्या रेघांवरून बोट नेलं आणि दाटीवर थांबवलं. "हा आमचा घाट. बापूचे बैल इकडून वरती चढायचे."

"नाई भिया," भाऊ म्हणाला. "इकडून नाई. याडी म्हनते पानी उजव्या हाताला. तिकडून चढायचे."

परक्या माणसासमोर, माझ्यासमोर, सरळ. मला राग आला की बरं वाटलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"याडी मागच्या बैलावर बसायची. तिले काय दिसे?"

"पन रेघा पाहा नं. इकडून तर बैल कोसळला असता."

"आमचे बैल कोसळत नव्हते!"

सर म्हणाले, "जरा थांबा." आम्ही थांबलो नाही. दोघंही नकाशावर वाकून एकमेकांची बोटं बाजूला सारत होतो. तेवढ्यात सरांनी अर्ज हळूच आमच्या कोपराखालून ओढून घेतला आणि त्यावर सही केली.