धुडकूआप्पा आणि पाच टर्की

पस्तीस वर्षं पांडेसऱ्यातल्या कापड कारखान्यात लूम चालवून धुडकूआप्पा घरी बसले, तेव्हा त्यांचे कान कारखान्यातच राहिले होते. मुलगी योगिता गोडादऱ्यातल्या एका सोसायटीत राहायची, तिच्याकडे ते आले. लोक त्यांच्याशी खुणांनी बोलत आणि त्यांच्यासमोरच बाकावर बसून एकमेकांची उणीदुणी काढत.

सोसायटीच्या मागचं फार्महाऊस विकलं गेलं. मालकानं हौसेनं पाळलेली पाच टर्की तशीच सोडून दिली. एका सकाळी ती भिंतीवरून सोसायटीत उतरली. त्यातल्या थोराड नरानं पिसारा फुलवताच कोणीतरी ओरडलं, "मोर! मोर!" दिवसभर फोटो निघाले. मोराला टक्कल कसं, हे कोणी विचारलं नाही.

आठवड्यात हौस फिटली. पक्षी पहाटेपासून गळा काढत आणि गाडीच्या दारात स्वतःचं रूप दिसलं की त्यावर चोची मारत. सेक्रेटरी प्रभाकरराव बँकेतले साहेब. त्यांनी वनखात्याला फोन लावला. "जंगली नाहीत, म्हणजे आमचे नाहीत." महापालिकेतून उत्तर आलं, "गाय असेल तर सांगा."

आप्पांना मात्र काहीच त्रास नव्हता. ते काठी घेऊन निघाले की पाचही जण मुकाट मागोमाग मैदानात जात. प्रभाकररावांनी सभेत त्यांना पक्षी-व्यवस्थापक नेमलं. टाळ्या वाजल्या, आप्पांनी त्या पाहिल्या आणि हात जोडले.

बापाला मान मिळाला म्हणून योगितानं कानाचं मशीन आणलं. ते लावून आप्पा दारात आले, तोच पाचही गळे एकदम सुटले.

"माय वं, रोज इतला आरडतस ह्या?"

"रोज," योगिता हसली.

बाकापाशी प्रभाकरराव शेजाऱ्याला सांगत होते, "म्हातारा ठार बहिरा आहे म्हणून बरं. फुकटात गुराखी मिळाला."

"साहेब," आप्पा म्हणाले, "मशीन बसवलंय. जरा हळू बोला."

प्रभाकररावांनी त्यांना तिथल्या तिथे चहाला बोलावलं.

त्या दिवसापासून आप्पा बाकावर आले की सगळे गप्प. फार तर, "जेवलात का, आप्पा?" ऐकायला येऊ लागलं आणि ऐकण्यासारखं काही उरलं नाही. महिन्याभरात मशीन डबीत गेलं. फक्त मैदानात जाताना ते कानात घालत. तिथे पोचल्यावर आप्पा मुद्दाम मोठ्यानं खोकत, आणि पाचही टर्की तत्काळ उत्तर देत.